लिब्रेऑफिसचे आयकॉन दर मोठ्या अपडेटनंतर जुनेच होतात? कारण आणि टिकणारा उपाय

लक्षण असं असतं. डेस्कटॉपला शोभेल अशी आयकॉन थीम (बटणांवरच्या चित्रांचा संच) लिब्रेऑफिसला बसवली, काही महिने सगळं सुरळीत चाललं, आणि एका अपडेटनंतर रायटर उघडला तर टूलबारवर पुन्हा मूळचीच चित्रं. ऑप्शन्समध्ये जाऊन पाहावं तर आपल्या थीमचं नावच यादीत नाही. थीमची झिप परत कॉपी केली की पुढच्या अपडेटपर्यंत शांतता.

नारायण पेठेतल्या एका अक्षरजुळणीच्या कार्यालयातली लिनक्सची मशिनं मी सांभाळतो, कोथरूडकडच्या काही संस्थांचीही पाहतो. ही तक्रार सगळीकडून येते. ‘झिप पुन्हा टाका’ हा सल्लाही सगळीकडे मिळतो. त्याने काम होतं, पण दुखणं फक्त सहा महिने पुढे ढकललं जातं. सहा महिने म्हणायचं कारण, लिब्रेऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास. २०२४ पासून आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो: २४.२, २४.८, २५.२. आता ऑगस्ट म्हणजे पुण्यात गणपती मंडळांचे अहवाल, वर्गणीची पावतीपुस्तकं आणि दिवाळी अंकांचा मजकूर एकाच वेळी टेबलावर असण्याचे दिवस. नेमकं तेव्हाच हे उपटतं.

आयकॉनचं काय एवढं, असं पुष्कळांना वाटतं. आमच्याकडे जुळणी करणाऱ्या एक ताई आहेत. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्या बटणांची नावं वाचतच नाहीत, रंग आणि आकार ओळखून हात थेट तिथे जातो. थीम बदलली की फोन ठरलेला: “दादा, ते बदल दाखवायचं बटण कुठे गेलं हो?” बटण जागच्या जागीच असतं, चित्र तेवढं निराळं असतं. मुद्रितशोधनाची घाई असताना प्रत्येक बटणावर थांबून खात्री करावी लागली तर दिवसाचं काम मागे पडतं. म्हणून मी या गोष्टीला हौसेचा प्रकार समजत नाही आणि तिच्यावर एकदाच, नीट वेळ घालवावा असं सांगतो.

डेस्कटॉपची थीम इथे का लागू होत नाही

सिनॅमन, नोम, केडीई, एक्सएफसीई, लिनक्सचा कोणताही डेस्कटॉप वापरत असा. सेटिंगमध्ये पॅपिरससारखा आयकॉन संच निवडला की फाइल मॅनेजर बदलतो, पॅनेल बदलतं, ट्रे बदलतो. लिब्रेऑफिसच्या टूलबारला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. बाकीचे प्रोग्राम डेस्कटॉपकडे ठरलेल्या सामाईक नावाने आयकॉन मागतात. लिब्रेऑफिसला लागणारी चित्रं हजारोंच्या घरात आहेत आणि तेच लिब्रेऑफिस विंडोज आणि मॅकवरही चालायचं असतं, म्हणून त्याने स्वतःचे संच स्वतःजवळ ठेवले आहेत. कोलिब्रे, ब्रीझ, एलिमेंटरी, सिफ्र, सुकापुरा, कारासा जागा ही त्यांतली नेहमी दिसणारी नावं.

प्रत्येक संच म्हणजे एक झिप फाइल. तिचं नाव ‘इमेजेस’ने सुरू होतं, मग अंडरस्कोअर, मग थीमचं नाव, हे सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत. ती झिप लिब्रेऑफिसच्या फोल्डरात ‘शेअर’ आणि त्यात ‘कॉन्फिग’ इथे असते. उबंटू किंवा मिंटच्या भांडारातून (रिपॉझिटरीतून) घेतलेलं लिब्रेऑफिस ‘यूएसआर’खालच्या ‘लिब’मध्ये सापडतं, फेडोरात ‘लिब६४’मध्ये, आणि लिब्रेऑफिस बनवणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या साइटवरून डेब किंवा आरपीएम पॅकेज आणून बसवलेलं ‘ऑप्ट’मध्ये.

थीम ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर लिब्रेऑफिस कोणता डेस्कटॉप चालू आहे ते पाहून स्वतः संच निवडतं. केडीईच्या प्लाझ्मावर आणि एलएक्सक्यूटीवर ब्रीझ, नोम आणि माटेवर एलिमेंटरी, बाकीच्यांवर साधारणपणे कोलिब्रे. एखादं लिनक्स वितरण यात आपली भर घालतं. उबंटू आपल्या यारू थीमशी जुळणारा वेगळा संच देतं. आपल्या आवडत्या संचाची झिप गायब झाली की लिब्रेऑफिस काही न बोलता या नियमावर परत येतं. एररचा एकही संदेश येत नाही, त्यामुळे दोष कुठे आहे हे पटकन कळत नाही.

आधी आपली झिप कुठे गेली ते पाहा

‘ऑप्ट’वाल्यांचं दुखणं सर्वांत जास्त आढळतं. तिथे फोल्डरच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असतो. २४.२ काढून २४.८ बसवलं की नवा फोल्डर तयार होतो आणि तुमची झिप जुन्यातच राहते. पॅकेज काढताना सिस्टीम फक्त स्वतः ठेवलेल्या फाइली उचलते, तुम्ही हाताने ठेवलेल्या फाइलला ती हात लावत नाही. ‘ऑप्ट’ उघडून पाहा. काढून टाकलेल्या आवृत्तीचा फोल्डर अजून दिसत असेल, त्यात ‘शेअर’, त्यात ‘कॉन्फिग’ आणि आत एकटी तुमची झिप, तर निदान तिथेच झालं. अपडेटच्या वेळी टर्मिनलवर ‘फोल्डर रिकामा नाही म्हणून काढला नाही’ अशा अर्थाची ओळही येऊन गेलेली असते. ती सहसा कुणी वाचत नाही.

दुसरा प्रकार भांडारातून घेणाऱ्यांचा. यांनी नवी झिप न ठेवता मूळच्या कोलिब्रेच्या झिपमध्येच चित्रं बदललेली असतात, कारण त्यात यादीतून वेगळं काही निवडावं लागत नाही. ती फाइल पॅकेजची मालमत्ता आहे. छोटं सुरक्षा अपडेट आलं तरी ती नव्याने लिहिली जाते. इथे तर सहा महिनेही थांबावं लागत नाही. वेगळ्या नावाची झिप ‘यूएसआर’मध्ये ठेवली असेल तर ती सहसा टिकते. म्हणून एकाच कार्यालयात एका मशिनवर थीम टिकते आणि शेजारच्या मशिनवर उडते, आणि दोन्हींवर ‘एकसारखंच’ केलं होतं असं सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटत असतं.

तिसरा प्रकार: मधल्या काळात कुणीतरी सॉफ्टवेअर स्टोअरमधून लिब्रेऑफिस घेतलेलं असतं आणि आता त्याचा फ्लॅटपॅक किंवा स्नॅप हा बंदिस्त पॅकेजचा प्रकार चालू आहे. या दोन्हींत प्रोग्रामचा फोल्डर फक्त वाचण्यापुरता असतो, तिथे झिप टाकताच येत नाही. शिवाय त्यांची प्रोफाइल, म्हणजे तुमच्या सेटिंग ठेवणारा फोल्डर, निराळ्या जागी असते, त्यामुळे जुन्या सेटिंग गेल्यासारख्या वाटतात. तापकीर गल्लीतून किंवा इतरत्र जुनं मशिन घेऊन त्यावर कुणाकडून तरी लिनक्स टाकून घेतलं असेल तर नेमकं कोणतं लिब्रेऑफिस आहे हे मालकाला माहीतच नसतं. हेल्प मेनूतल्या ‘अबाउट’मध्ये आवृत्ती कळते. मेनूतल्या शॉर्टकटच्या गुणधर्मांत जी आज्ञा लिहिलेली असते, तिच्यावरून ते फ्लॅटपॅक आहे, स्नॅप आहे की साधं, हे कळतं.

टिकणारा उपाय: थीम प्रोफाइलमध्ये, एक्स्टेन्शन म्हणून

लिब्रेऑफिसची वापरकर्त्याची प्रोफाइल होम फोल्डरातल्या लपवलेल्या ‘कॉन्फिग’मध्ये, ‘लिब्रेऑफिस’ आणि त्यात ‘४’ या नावाच्या फोल्डरात असते. हा ‘४’ आकडा २०१३ च्या ४.० आवृत्तीपासून तसाच आहे. त्यानंतर ५, ६, ७ आले, वर्षाचे आकडे आले, प्रोफाइलचा पत्ता बदलला नाही. एक्स्टेन्शन म्हणजे लिब्रेऑफिसला वरून जोडायची पुरवणी. एक्स्टेन्शन मॅनेजरमधून बसवलेली गोष्ट या प्रोफाइलमध्ये जाते. म्हणजे थीम एक्स्टेन्शनच्या रूपात बसवली की प्रोग्राम कितीही वेळा बदला, ती जागची हलत नाही. फ्लॅटपॅक आणि स्नॅपलाही हाच रस्ता लागू पडतो, कारण प्रोफाइलमध्ये लिहायची त्यांना मुभा असते.

तुम्हाला हवी ती थीम लिब्रेऑफिसच्या एक्स्टेन्शन साइटवर मिळत असेल तर काम सोपं आहे. एक्स्टेन्शनची ओएक्सटी फाइल उतरवा, टूल्स मेनूतून एक्स्टेन्शन्सची खिडकी उघडा, ‘ॲड’ करा, लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडा.

थीम तुम्ही स्वतः बनवलेली असेल, किंवा कुणाकडून नुसती झिप मिळाली असेल, तर तिला एक्स्टेन्शनचं रूप द्यावं लागेल. रिकाम्या पाटीवरून सुरुवात करू नका. साइटवरचं एखादं आयकॉन थीमचं एक्स्टेन्शन घ्या. ओएक्सटी ही आतून झिपच असते, ती उघडा. आत ‘इमेजेस’ने सुरू होणारी झिप दिसेल, ती काढा आणि त्याच जागी तुमची ठेवा. आपल्या थीमला एखाद्या मूळ संचाचं नाव देऊ नका, कोलिब्रे आणि ब्रीझ आधीच यादीत आहेत. आमच्या थीमचं नाव ‘पेठ’ आहे, तर फाइल होते इमेजेस, अंडरस्कोअर, पेठ. गडद जोडी बनवली असेल तर नावाच्या शेवटी अंडरस्कोअर आणि ‘डार्क’. यादीत ती ‘पेठ’ आणि पुढे कंसात ‘डार्क’ अशी दिसते.

मग ‘डिस्क्रिप्शन’ नावाची एक्सएमएल फाइल उघडा आणि त्यातला आयडेंटिफायर, म्हणजे एक्स्टेन्शनची ओळख सांगणारं नाव, बदला. ही पायरी गाळू नका. आयडेंटिफायर तसाच ठेवला तर लिब्रेऑफिस तुमच्या थीमला ते मूळ एक्स्टेन्शनच समजतं. उद्या त्याची नवी आवृत्ती आली आणि कुणी ‘अपडेट’ दाबलं की तुमची थीम पुसली जाईल. अपडेटचा पत्ता देणारा भाग त्या फाइलमध्ये असेल तर तोही काढून टाका.

आता पुन्हा झिप करायची. फाइल मॅनेजरमध्ये अख्ख्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉम्प्रेस’ म्हटलं की झिपच्या आत आधी एक फोल्डर येतो आणि सगळा मजकूर त्याच्या पोटात जातो. लिब्रेऑफिस तिथे शोधत नाही. फोल्डरच्या आत शिरा, आतलं सगळं निवडा आणि मग झिप करा. हे दोन्ही ठिकाणी पाळायचं आहे, चित्रांच्या झिपला आणि बाहेरच्या ओएक्सटीलाही. थीमचं नाव यादीत दिसतं, निवडताही येते, पण चित्रं सगळी जुनीच, असं झालं तर सगळ्यांत आधी हाच जास्तीचा फोल्डर तपासा.

बसवून झालं की आल्ट आणि एफ१२ दाबा, ऑप्शन्स उघडतील. ‘व्ह्यू’ पानावर आयकॉन थीमची यादी असते, तिथे नसेल तर ‘अपिअरन्स’ पान पाहा. ‘ऑटोमॅटिक’ सोडून आपली थीम नावाने निवडा.

कार्यालयात एका मशिनवर अनेक जणांची खाती असतील तर सगळ्यांसाठी एकदम बसवण्याचा ‘शेअर्ड’ पर्याय मोहात पाडतो. ‘ऑप्ट’मधल्या लिब्रेऑफिसमध्ये हा पर्याय एक्स्टेन्शन पुन्हा प्रोग्रामच्याच फोल्डरात ठेवतो, म्हणजे आवृत्ती बदलली की परत पहिले पाढे पंचावन्न. मी प्रत्येक खात्यात वेगवेगळं बसवतो. लिब्रेऑफिस बंद असताना ‘यूएनओपीकेजी’ या आज्ञेने ते टर्मिनलवरून होतं, खिडक्या उघडत बसावं लागत नाही.

थीम आहे, पण अर्धवट दिसते

इथे बारकाईने पाहिलं तर बराच वेळ वाचतो. ‘सेव्ह’चंच बटण घ्या. झिपच्या आत ‘सीएमडी’ फोल्डरात त्याची दोन चित्रं असतात. ‘एससी’ने सुरू होणारं लहान, १६ पिक्सेलचं, आणि ‘एलसी’ने सुरू होणारं मोठं, २४ पिक्सेलचं. शिवाय आत ‘३२’ नावाच्या फोल्डरात तिसरं, आणखी मोठं. घरी बनवलेल्या थीममध्ये बहुतेक वेळा मोठी चित्रंच काढलेली असतात. मग टूलबारवर आपलं चित्र दिसतं, फाइल मेनू उघडला की त्याच आज्ञेपुढे जुनं. कारण मेनूला लहान चित्र लागतं, ते थीममध्ये नाही, म्हणून लिब्रेऑफिस आपल्या मूळ संचातून उसनं घेतं. ऑप्शन्समध्ये टूलबारच्या आयकॉनचा आकार लहान-मोठा करून पाहा. मोठ्या आकारात आपली आणि लहान आकारात जुनी चित्रं आली, तर चित्रं कमी आहेत, थीम बिघडलेली नाही.

सगळी चित्रं नव्याने काढायची गरज नसते. झिपमध्ये ‘लिंक्स’ नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. तिच्या प्रत्येक ओळीत दोन नावं: आधी मागितलेलं चित्र, मग त्याऐवजी दाखवायचं चित्र. एकच चित्र अनेक आज्ञांना चालणार असेल तर इथे एक ओळ वाढवायची, बस. आमच्याकडे अक्षरजुळणीत रोज लागणाऱ्या आज्ञा, म्हणजे स्टाइल, परिच्छेद, तळटीप, बदल नोंदवणं, शोधा आणि बदला, एवढ्यांची चित्रं नीट काढली आणि बाकीची मूळ संचावर सोडली. मूळ संच कोलिब्रे ठेवला तर रंगांचा फारसा विजोड होत नाही. सिफ्रसारख्या एकरंगी संचात रंगीत चित्रं मिसळली की मात्र डोळ्यांना खुपतं.

चित्र बदललं, तरी जुनंच दिसतं

झिपमध्ये चित्र बदललं, एक्स्टेन्शन पुन्हा बसवलं, आणि तरी स्क्रीनवर कालचंच चित्र. आधी लिब्रेऑफिस खरंच बंद झालं आहे का ते पाहा. खिडक्या बंद दिसल्या तरी ‘एसऑफिस’ नावाची प्रक्रिया मागे चालू राहिलेली असते. सिस्टीम मॉनिटरमध्ये ती शोधून थांबवा. ती नसेल आणि स्क्रीन १०० टक्क्यांपेक्षा मोठ्या स्केलवर असेल, किंवा थीम एसव्हीजी, म्हणजे कितीही मोठी करता येणाऱ्या चित्रांच्या, प्रकारची असेल, तर कारण कॅशमध्ये असतं. अशा वेळी लिब्रेऑफिस तयार केलेली चित्रं प्रोफाइलच्या त्या ‘४’ फोल्डरातल्या ‘कॅश’मध्ये साठवून ठेवतं. तो कॅश फोल्डर दुसरीकडे हलवा आणि प्रोग्राम उघडा, तो नव्याने तयार होतो. शेजारचा ‘यूजर’ फोल्डर मात्र हलवू नका. त्यात तुमचे ऑटोकरेक्टचे नियम, टेम्प्लेट आणि शब्दकोश असतात.

अंधारात काळे आयकॉन

डेस्कटॉप गडद केला आणि टूलबारवर काळ्या पार्श्वभूमीवर काळी चित्रं आली, किंवा उजेडावर परत आल्यावर पांढऱ्यावर पांढरी, तर थीम नावाने निवडलेली आहे हे लक्षात घ्या. गडद आणि उजळ जोडीतून योग्य ती निवडण्याचं काम फक्त ‘ऑटोमॅटिक’ करतं. नाव निवडलं की लिब्रेऑफिस तुमचा शब्द पाळतं. दिवसा उजळ आणि रात्री गडद अशी ज्यांची सवय आहे त्यांनी एकतर ‘ऑटोमॅटिक’वर राहावं, नाहीतर दोन्हींवर उठून दिसतील अशी मध्यम छटेची चित्रं वापरावीत. सामाईक मशिनांसाठी मी दुसरा पर्याय निवडतो. त्याच पानावर लिब्रेऑफिस उजळ, गडद की सिस्टीमप्रमाणे दिसावं याची वेगळी निवड असते. ती ‘सिस्टीम’वर नसेल तर डेस्कटॉप कितीही बदला, खिडकीचा रंग तोच राहील आणि दोष मात्र आयकॉनवर जाईल.

समोर बसल्यावर एक, रिमोटने दुसरंच

घरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या मशिनवर शिरलं की आयकॉनच काय, खिडक्यांचं रूपही वीस वर्षांपूर्वीचं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसलं की सगळं ठीक. ‘ऑटोमॅटिक’ला चालू डेस्कटॉप कोणता हे ‘एक्सडीजी करंट डेस्कटॉप’ या व्हेरिएबलवरून, म्हणजे सत्राच्या वेळी सिस्टीममध्ये भरलेल्या नोंदीवरून, कळतं. रिमोट सत्रात ते बऱ्याचदा भरलेलंच नसतं. ‘अबाउट’मध्ये ‘व्हीसीएल’ अशी एक ओळ असते, ती दोन्हीकडे वाचून पाहा. समोर बसल्यावर तिथे डेस्कटॉपशी जोडणाऱ्या भागाचं नाव, जीटीके३ किंवा केएफ५, दिसेल, रिमोटने कदाचित नुसतं साधं एक्स११. रिमोट सत्र सुरू होतं त्या स्क्रिप्टमध्ये ते व्हेरिएबल भरलं की दोन्हीकडे सारखं दिसतं. समोर बसूनही साधं एक्स११च दिसत असेल तर तुमच्या डेस्कटॉपशी जोडणारं पॅकेज बसवायचं राहिलं आहे. उबंटू आणि मिंटमध्ये ते लिब्रेऑफिसच्या नावापुढे जीटीके३ किंवा केएफ५ असं सापडेल, नव्या प्लाझ्मासाठी केएफ६.

पॅनेलवरचा आणि मेनूतला रायटरचा आयकॉन या सगळ्यापासून वेगळा आहे. तो डेस्कटॉपच्याच आयकॉन संचातून येतो. तो बदलायचा असेल तर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये संच बदला, लिब्रेऑफिसच्या झिपला हात लावून तो बदलणार नाही.